सुट्टी कोरी ठेवा: मुख्याध्यापक आणि विषयशिक्षकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि विषयशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

हिवाळी सुट्टीला तीन आठवडे उरले आहेत आणि परिपत्रक निघालं आहे. सातही विषयांचा एकेक प्रकल्प, गणित आणि विज्ञानाचे वेगळे सराव संच, सुट्टीतल्या पाच सकाळी दोन-दोन तासांचे जादा वर्ग. सगळं काम शाळा उघडेल त्या दिवशी पहिल्या तासाला जमा करायचं आणि त्याचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जाणार. थोड्याफार फरकाने असं परिपत्रक अनेक शाळांत निघतं, म्हणून हे पत्र एकाच शाळेला नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांची सुट्टी कशी जाणार हे जे जे ठरवतात, त्या सगळ्यांना आहे.

मी माध्यमिक वर्गांना शिकवते, वेळापत्रक लावण्याचं काम माझ्याकडे असतं आणि घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे. हे परिपत्रक काढणाऱ्यांत मी आहे आणि ज्या घरांत ते पाळलं जातं त्यांतही आहे. त्यामुळे याबद्दल गप्प राहणं मला शक्य नाही.

आधी वर्गात सध्या काय चाललंय ते बघा. वहीच्या शेवटच्या पानावर उलटी मोजणी सुरू झाली आहे. उरलेले दिवस, त्यातून रविवार वजा, त्यातून परीक्षेचे दिवस वजा, आणि मग एक आकडा, ज्याच्याभोवती रोज नवं वर्तुळ काढलं जातं. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतलेली मुलं मधल्या सुट्टीत उन्हाच्या पट्ट्यात दाटीवाटीने उभी राहतात. कोण कधी निघणार, कोण कधी परतणार, सगळे एकत्र असतील असे नेमके दिवस कोणते, याची खलबतं चालू असतात. कुणाला मित्राकडे मुक्कामाला जायचंय, कुणाला सायकलची चेन स्वतः बदलून बघायचीय, कुणाला फक्त झोपायचंय. सुट्टीचे वेध लागले की मुलं शिकत नाहीत, असं आपण शिक्षकखोलीत म्हणतो. मला ते पटत नाही. याच दिवसांत मुलं स्वतःहून तारखा मोजतात, याद्या करतात, चौघांच्या सोयीची वेळ जुळवतात. नियोजन शिकवण्यासाठी आपण वेगळे तास ठेवतो आणि ती नियोजन करतात तेव्हा त्यांचे दिवस आधीच भरून टाकतो.

या उत्साहाचं मोल कळायला त्यांचा रोजचा दिवस मांडून बघावा लागेल. शाळा सात तास, येण्याजाण्यात एक, शिकवणी दोन, गृहपाठ दोन, आंघोळ-जेवण-आवराआवर मिळून अडीच. हे झाले साडेचौदा. किमान आठ तासांची झोप धरली तर साडेबावीस. उरतो दीड तास. खेळ, मैत्री, वाचन, घरातली कामं, भांडणं, रुसवे आणि कंटाळा, सगळं त्या दीड तासात बसवायचं. ते बसत नाही, म्हणून मुलं झोपेतून वेळ काढतात. हिवाळी सुट्टी ही वर्षाच्या मध्यावर येणारी, एक-दोन आठवड्यांची लहानशी सुट्टी. उन्हाळ्यासारखा वर्गबदल तिच्यात नसतो, अभ्यासक्रम पुढे चालूच राहणार असतो आणि वार्षिक परीक्षा दिसू लागलेली असते. म्हणूनच ती भरून टाकायचा मोह आपल्याला जास्त होतो.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही, की एकूण कामाची गोळाबेरीज कुणीच करत नाही. प्रत्येक शिक्षक प्रामाणिकपणे म्हणतो, "माझा प्रकल्प फक्त पाच तासांचा." खरंच तेवढाच असतो. पण सात विषयांचे पाच-पाच तास म्हणजे पस्तीस. दोन सराव संचांचे चार-चार तास धरले की त्रेचाळीस. जादा वर्ग पाच दिवस, दोन तास वर्गाचे आणि दीड तास आवरून जाण्यायेण्याचा, म्हणजे आणखी साडेसतरा. एकूण साडेसाठ तास. सुट्टी बारा दिवसांची. त्यातले तीन दिवस प्रवास, पाहुणे, आजारपण यांत जाणार हे गृहीत धरावंच लागतं. उरलेल्या नऊ दिवसांत साडेसाठ तास, म्हणजे रोज जवळजवळ पावणेसात. शाळेच्या दिवसाइतकंच काम, फक्त मधली सुट्टी नाही, सोबत मित्र नाहीत आणि अडलं तर विचारायला शिक्षक नाही. हा आकडा कुणीही ठरवलेला नाही. सात जणांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तो तयार केला आहे.

त्यातही शिक्षकाचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो, कारण उत्तर माहीत असलेल्या माणसाला काम छोटं दिसतं. माझा ढोबळ हिशेब असा: काम आधी स्वतः करून बघायचं, घड्याळ लावून, आणि लागलेल्या वेळेची तिप्पट करायची. साहित्य जमवायचं असेल, छपाई करायची असेल किंवा कुणाची मुलाखत घ्यायची असेल, तर तो वेळ त्यात वेगळा मिळवायचा. असं मोजलं की शिक्षकाला स्वतःला जेमतेम तीन तास लागणारा 'पाच तासांचा' प्रकल्प मुलांसाठी आठ-नऊ तासांवर जातो. म्हणजे वरचे साडेसाठ तास ही कमीत कमी बाजू झाली.

यावरचा उपाय फार साधा आहे. प्रत्येक तुकडीसाठी एकच सामाईक तक्ता ठेवायचा: उभ्या रकान्यात विषय, आडव्या ओळीत कामाचं वर्णन, लागणारे तास, जमा करायची तारीख. शिक्षकाने काम वर्गात सांगण्याआधी ते तक्त्यात भरायचं. वर्गशिक्षकाने बेरीज करायची आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की शेवटी भरलेलं काम परत पाठवायचं. हे करायला तुकडीमागे अर्धा तास पुरतो. तक्ता भिंतीवर लावला तर उत्तम, कारण मग मुलांनाही बेरीज दिसते.

दुसरी तक्रार सुट्टीआधीच्या दोन आठवड्यांबद्दल. 'सुट्टीपूर्वी संपवायचंय' या एका वाक्यापायी चाचण्या, प्रात्यक्षिकाच्या वह्या, तोंडी परीक्षा, स्नेहसंमेलनाच्या तालमी, सगळं एकाच दहा दिवसांत कोंबलं जातं. एका दिवशी दोन चाचण्या आणि तिसऱ्या दिवशी वही जमा. मुलं मग एकच गोष्ट करतात: रात्री जागतात. सुट्टी लागते तोवर निम्मा वर्ग सर्दी-खोकल्याने आणि अपुऱ्या झोपेने बेजार झालेला असतो आणि सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस अंथरुणातच जातात. आई-बाबांना ती मुलं आळशी वाटतात. ती थकलेली असतात.

या गर्दीतली सगळ्यांत निरुपयोगी गोष्ट म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत सुरू केलेला नवा धडा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःच्या स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सगळ्यांत जास्त असतो आणि मग तो मंदावतो, हे त्याने दाखवलं. म्हणजे ज्या गोष्टीची दोन-तीन वेळा उजळणी झाली आहे ती बारा दिवसांच्या खंडात बऱ्यापैकी टिकते, आणि शेवटच्या दिवशी घाईघाईने अर्धी शिकवलेली गोष्ट जवळजवळ पूर्ण वाहून जाते. शाळा उघडल्यावर ती पहिल्यापासून शिकवावी लागते. त्या तीन तासिका वाया गेल्या आणि वर मुलांच्या मनात 'हा धडा अवघड आहे' एवढीच आठवण राहिली. धडा सुट्टीआधी पूर्ण होत नसेल तर तो सुरूच करू नका. त्या तासांत जुन्या धड्यांच्या छोट्या तोंडी फेऱ्या घ्या, राहिलेलं प्रात्यक्षिक पूर्ण करा, ग्रंथालयात न्या आणि मुलांना आपापलं पुस्तक निवडू द्या. वर्गात उत्साहाची गडबड असतानाही ही कामं चांगली होतात, कारण त्यांत बोलायला आणि हलायला जागा असते.

झोपेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी चोवीस तासांत आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागतं आणि दिवसभरात झोपेचा दाब, म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची गरज, वाढण्याचा वेगही मंदावतो. लहानपणी नऊला पेंगणारं मूल पंधराव्या वर्षी अकरापर्यंत टक्क जागं असतं, ते यामुळे. त्याला दहाला अंथरुणात घातलं तरी ते कूस बदलत पडून राहतं. साडेअकराला झोप लागली आणि सहाला उठावं लागलं तर साडेसहा तास झाले. आठ तासांच्या हिशेबानेही रोज दीड तासाची तूट पडते. पाच दिवसांत साडेसात तास, म्हणजे जवळपास एक पूर्ण रात्र, दर आठवड्याला. हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो, त्यामुळे मुलं अंधारातच उठतात आणि शरीराच्या घड्याळाला जागं करणारा सकाळचा उजेड त्यांना शाळेत पोचेपर्यंत मिळत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं, ते याच कारणांनी. सिअ‍ॅटल या अमेरिकन शहराने २०१६ मध्ये आपल्या उच्च माध्यमिक शाळांची वेळ सात पन्नासवरून पावणेनऊवर नेली. तिथल्या मुलांच्या मनगटावर उपकरणं बांधून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: शाळेच्या दिवसांतली झोप चौतीस मिनिटांनी वाढली होती. उशिरा शाळा म्हणजे उशिरा झोपणं, ही भीती तिथे खरी ठरली नाही.

शाळेची वेळ बदलणं आपल्या एकट्याच्या हातात नसेल. सुट्टी मात्र आपल्या हातात आहे. सुट्टीच्या पहिल्या तीन-चार दिवशी मूल दहा-अकरा तास झोपतं, तेव्हा ते साठलेली तूट फेडत असतं. सकाळी साडेसातचा जादा वर्ग नेमकी ही फेड हिरावून घेतो.

उलट बाजूही सांगायला हवी. बाराही दिवस दुपारपर्यंत झोपलेलं मूल शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री दहाला झोपू शकत नाही. ते एकपर्यंत तळमळतं, सहाला उठवलं जातं आणि पहिला दिवस डोळे चोळत काढतं. सुट्टीत साडेनऊला उठणाऱ्याला सहावर यायचं असेल तर साडेतीन तासांचं अंतर आहे. रोज अर्धा तास आधी उठलं तर सात दिवस लागतात, पाऊण तास आधी उठलं तर पाच. उठल्यावर लगेच अर्धा तास घराबाहेरच्या उजेडात जायचं आणि रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. यात एक चूक हमखास होते. पालक पहिल्याच दिवशी मुलाला पहाटे उठवून दिव्याच्या प्रखर उजेडात बसवतात. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सगळ्यांत खाली असतं. त्या क्षणानंतरचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधीचा उजेड ते आणखी पुढे ढकलतो. साडेनऊला उठणाऱ्याचा तो क्षण साडेसातच्या सुमारास येतो, म्हणून एकदम साडेतीन तासांची उडी फसते आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या पायऱ्या चालतात. ही माहिती सुट्टीच्या परिपत्रकात चार ओळींत देता येईल. प्रकल्पांच्या यादीच्या जागी ती दिली, तर मला वाटतं, मुलांचं जास्त भलं होईल.

आता तपासणी. माझ्यासारख्या शिक्षकाकडे चार तुकड्या, प्रत्येकी चाळीस मुलं, म्हणजे एकशे साठ प्रकल्प. एकेक नीट वाचून दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सहा मिनिटं धरली तर नऊशे साठ मिनिटं, सोळा तास. आठवड्यात मोकळ्या तासिका मिळून चार-पाच तास हाती लागतात, तेही कुणाच्या रजेचा तास घ्यावा लागला नाही तर. म्हणजे तीन-चार आठवडे. तोवर वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो. मग काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे: मुखपृष्ठ बघायचं, पानं मोजायची, सही करायची. मुलांना हे आपल्याआधी कळतं. ज्याने नऊ तास घालून काम केलं त्याला आणि ज्याने आदल्या रात्री उतरवून काढलं त्याला तीच सही मिळते. प्रामाणिक मुलावर हा मोठा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्यांत मीही आहे. वाचता येणार नाही ते लिहायला सांगू नये.

गटप्रकल्प तर सुट्टीत देऊच नयेत. चौघं चार ठिकाणी असतात, एकाकडे इंटरनेट नसतं, एक प्रवासात असतो आणि सगळं काम गटातल्या सर्वांत धास्तावलेल्या मुलावर येऊन पडतं. वर घरातल्या मोठ्यांची मदत. तक्ते रंगवणं, प्रतिकृती चिकटवणं हे रात्री अकराला आई करत असते. ज्या घरात मदतीला कुणी नाही, जिथे मूल सुट्टीत धाकट्या भावंडांना सांभाळतं किंवा घरच्या कामाला हातभार लावतं, त्या घरातला प्रकल्प साधा दिसतो आणि त्याला गुण कमी पडतात. अंतर्गत मूल्यमापनात ते गुण धरले की आपण घराची मोजणी करतो, मुलाच्या अभ्यासाची नाही.

जादा वर्गांबद्दल फार लिहायची गरज नाही. काही मुलं बाहेरगावी असतात, काहींना शाळेची बस बंद असल्यामुळे येता येत नाही, म्हणून शिकवलेलं सगळं नंतर पुन्हा शिकवावं लागतं. हे दरवर्षी होतं.

निकालाच्या तारखेचं मात्र बोलायलाच हवं. सुट्टी लागण्याच्या दिवशी, शेवटच्या तासाला उत्तरपत्रिका हातात द्यायची आणि घंटा वाजवायची, ही पद्धत क्रूर आहे. कमी गुण मिळालेलं मूल कुठे चुकलं हे कुणालाही न विचारता घरी जातं आणि सुट्टीभर तो कागद दप्तरात बाळगतं. उत्तरपत्रिका सुट्टीच्या किमान तीन कामाच्या दिवसांआधी द्या, म्हणजे शंका विचारायला वेळ राहील. ते जमत नसेल तर शाळा उघडल्यावर द्या. मधला कोणताही दिवस नको.

सुट्टीच्या तारखाही वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करून नंतर हलवू नयेत. वसतिगृहातल्या मुलांना याचा सगळ्यांत जास्त फटका बसतो. परीक्षेचा शेवटचा पेपर दोन दिवस पुढे ढकलला की काढलेलं तिकीट फुकट जातं, नवं मिळत नाही आणि बारा दिवसांतले तीन दिवस तिथेच संपतात.

या सगळ्यावर शिक्षकखोलीत ठरलेलं उत्तर मिळतं: "काम दिलं नाही तर मुलं सगळं विसरतील." त्याचं उत्तर स्मृतीच्या अभ्यासातच आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. २००८ मध्ये सेपेडा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात, अंतिम चाचणी जितकी दूर तितका पहिल्या अभ्यासात आणि उजळणीत जास्त खंड ठेवणं फायद्याचं ठरलं. आपली वार्षिक परीक्षा आठवड्यांच्या, महिन्यांच्या अंतरावर असते. म्हणजे सुट्टीचा खंड आपल्याला शत्रू मानायचं कारण नाही. खंडानंतरचा पहिला तास नीट घेतला तर तोच खंड उपयोगी पडतो.

तो तास असा घेता येतो. पुस्तकं दप्तरात. प्रत्येकाला एक कोरा कागद. फळ्यावर सुट्टीआधीच्या शेवटच्या धड्याचं नाव. बारा मिनिटं, आठवेल ते सगळं लिहा: व्याख्या, आकृती, अर्धवट सूत्र, काहीही. मग पाच मिनिटं शेजाऱ्याबरोबर कागद ताडून बघा. मग पुस्तक उघडा आणि राहिलेलं दहा मिनिटांत वेगळ्या शाईने भरा. शेवटची तेरा मिनिटं शिक्षकाची: वर्गात फिरताना ज्या तीन गोष्टी सगळ्यांत जास्त सुटलेल्या दिसल्या, त्या फळ्यावर. चाळीस मिनिटांची तासिका संपली. कागद जमा करायचे नाहीत, गुण द्यायचे नाहीत, नाहीतर मुलं आठवण्याऐवजी शेजाऱ्याचं बघून लिहू लागतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत वर्ग 'काहीच आठवत नाही' म्हणून कुरकुरतो, तिथे घाबरून पुस्तक उघडायला सांगू नका. आठवायला लागणारी ती ओढाताणच उपयोगाची असते. प्रत्येक विषयाने पहिल्या आठवड्यात असा एक तास घेतला तर साडेसाठ तासांच्या गृहपाठाची गरज उरत नाही.

दुसरं उत्तर मिळतं मोबाइलचं. मोकळा वेळ दिला तर तो पडद्यात जाईल, अशी भीती. ती निराधार नाही. पण गृहपाठाने मोबाइल कमी होत नाही, तो रात्री सरकतो. काम आटोपून मूल अकराला स्वतःचा वेळ सुरू करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल सांगितली आहे. ती दिवसाउजेडी होण्यासाठी दुपार मोकळी हवी. हिवाळ्यात दिवस लहान असतो, संध्याकाळी काम संपवून मैदानावर जाऊ म्हणावं तर अंधार पडलेला असतो.

बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या वर्गाची गोष्ट थोडी वेगळी आहे हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी पहिले पाच दिवस पूर्ण मोकळे, पुढे दिवसाआड पाऊण तास, फक्त झालेल्या धड्यांची पुस्तक मिटून उजळणी, आणि शेवटचे दोन दिवस पुन्हा मोकळे, असं सुचवते. नवं काही नाही, लिहून जमा करायचं काही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं एकतिसावं कलम अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला विश्रांतीचा, फुरसतीचा आणि खेळाचा हक्क देतं. शिक्षणाचा हक्क त्याच करारात अठ्ठाविसाव्या कलमात आहे. एक पाळण्यासाठी दुसरा मोडावा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. हे परिपत्रक मागे घ्या आणि सातही प्रकल्प रद्द करा. सुट्टीतल्या कोणत्याही कामाला गुण नकोत आणि शाळा उघडल्यावर पहिले तीन दिवस काहीही जमा करायला सांगू नका, चाचणीही ठेवू नका. जादा वर्ग बंद करा. सुट्टीआधीच्या दोन आठवड्यांत एका दिवशी एकच चाचणी, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाहीत. तासांचा सामाईक तक्ता याच सत्रापासून सुरू करा. आणि सुट्टी लागल्याच्या संध्याकाळपासून वर्गाच्या मोबाइल गटावर शिक्षकांचे संदेश थांबवा. रात्री साडेनऊला आलेली "उद्यापर्यंत पाठवा" ही एक ओळ अख्ख्या दिवसाची मोकळीक घालवते.

पालक गृहपाठ मागतात, असं आपण म्हणाल. काही मागतात. त्यांना वरची बेरीज दाखवा. साडेसाठ हा आकडा बघून कुणी वाद घालेल असं मला वाटत नाही.

एक विनंती मात्र मागण्यांइतकीच मनापासून करते. काही मुलांना सुट्टी नकोशी असते. घरात जागा नसते, सतत भांडणं असतात, किंवा दिवसभर कुणीच नसतं. उलटी मोजणी करणाऱ्या वर्गात ही मुलं गप्प बसलेली दिसतात. त्यांच्यासाठी ग्रंथालय आणि मैदान सुट्टीतले निदान सहा दिवस, अकरा ते चार, उघडं ठेवा. हजेरी नको, गणवेश नको, अभ्यासाची सक्ती नको. एक शिक्षक आणि एक कर्मचारी पाळीने पुरतात, आणि जादा वर्गांसाठी आपण तेवढी माणसं आधीच नेमली आहेत. पहिल्या पाळीसाठी माझं नाव लिहून घ्या.

येत्या सोमवारी शिक्षकसभा आहे. हा विषय तिथे पहिला घ्यावा आणि बदललेलं परिपत्रक शुक्रवारपर्यंत मुलांच्या हातात पडावं. तक्त्याचा नमुना मी तयार केला आहे, सभेला घेऊन येते.

आपली,
एक शिक्षिका